‘टाइप’च्या रकान्यात आपलं नाव, आपला क्रम: विंडोजमध्ये फाइलींचे प्रकार नीट लावून घेण्याची रीत

एखाद्या डीटीपी केंद्रातलं लग्नपत्रिकेच्या कामाचं फोल्डर घ्या. आत कोरलची सीडीआर फाइल, ग्राहकाला दाखवायची पीडीएफ, पाहुण्यांच्या पत्त्यांची सीएसव्ही, दोन-चार फोटो आणि एखादा फॉण्ट. ‘टाइप’ या मथळ्यावर क्लिक केलं की फाइली एका क्रमाने लागतात. तेच फोल्डर शेजारच्या संगणकावर उघडलं, तर क्रम वेगळाच. मग मथळ्यावर दहा वेळा क्लिक करून होतं, संगणक बंद-चालू करून होतं, आणि शेवटी ‘विंडोज बिघडलंय’ असा निकाल लागतो.

बिघडलेलं काहीच नसतं. ‘टाइप’चा रकाना एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावात शेवटच्या ठिपक्यानंतर येणारी अक्षरं, दाखवत नाही. त्या प्रकारच्या फाइली ज्या प्रोग्रामच्या ताब्यात आहेत, त्याने नोंदवलेलं नाव तो दाखवतो आणि क्रमही त्याच नावावरून लावतो. सीएसव्ही फाइल एक्सेलच्या ताब्यात असेल तर तिचा प्रकार ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल कॉमा सेपरेटेड व्हॅल्यूज फाइल’, म्हणजे ती इंग्रजी ‘एम’मध्ये जाते. एक्सेल नसलेल्या संगणकावर तीच साधी ‘सीएसव्ही फाइल’ म्हणून ‘सी’मध्ये वर बसते. फाइल तीच, जागा दोन.

म्हणून कामाचा क्रम असा: आधी एक्स्टेन्शन दिसू द्यायचं, मग ताबा कोणाकडे ते पक्कं करायचं, मग लेबल, म्हणजे ‘टाइप’मध्ये दिसणारं नाव, लिहायचं आणि सर्वांत शेवटी फोल्डरची मांडणी. बहुतेक जण मांडणीपासून सुरुवात करतात आणि नंतर प्रोग्राम बदलला की सगळं पुन्हा विस्कटतं.

खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मेनूंची आणि रजिस्ट्रीतली (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवतं तो साठा) नावं इथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजीत दिसतात आणि तशीच टाइप करायची.

तयारी

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: तुम्हाला लेबल बदलायचं आहे, की फक्त एक्स्टेन्शननुसार क्रम हवा आहे? दुसरं असेल तर रजिस्ट्रीच्या वाटेला जाऊच नका. फोल्डर ‘डीटेल्स’ दृश्यात ठेवा, कुठल्याही रकान्याच्या मथळ्यावर राइट-क्लिक करा, ‘मोअर’ निवडा आणि यादीतल्या ‘फाइल एक्स्टेन्शन’समोर खूण करा. हा ‘टाइप’पेक्षा वेगळा रकाना आहे. कुठला प्रोग्राम आला-गेला तरी त्यात फरक पडत नाही. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. ज्यांचं एवढ्यावर भागतं त्यांनी थेट सहाव्या पायरीवर जावं.

लेबलच हवं असेल तर तीन गोष्टी आधी करा.

१. फोल्डरच्या रिकाम्या जागेत राइट-क्लिक, ‘ग्रुप बाय’, ‘मोअर’, ‘फाइल एक्स्टेन्शन’. आता प्रत्येक एक्स्टेन्शनचा वेगळा गट दिसेल आणि गटाच्या नावापुढे कंसात फाइलींची संख्या. ही यादी कागदावर उतरवा. ज्यांच्या दोन-तीनच फाइली आहेत त्या प्रकारांना लेबल देण्यात वेळ घालवू नका.

२. प्रत्येक निवडलेल्या एक्स्टेन्शनसमोर दोन गोष्टी लिहा: ती कुठल्या प्रोग्रामने उघडायला हवी आणि लेबल काय हवं.

३. सिस्टिम रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर संगणक आधीच्या स्थितीत नेता येतो. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधलं की ती खिडकी उघडते. पुष्कळ संगणकांवर ही सोय मुळातच बंद असते, त्यामुळे ‘प्रोटेक्शन’च्या यादीत सी ड्राइव्हसमोर ‘ऑन’ आहे का ते आधी पाहा.

सावधान: संगणक कार्यालयाचा असेल आणि रजिस्ट्री एडिटर उघडतच नसेल, तर ते तुमच्या आयटी विभागाने मुद्दाम बंद केलेलं असतं. आडवाटेने जाऊ नका. ‘फाइल एक्स्टेन्शन’च्या रकान्यावर भागवा.

पायरी १: एक्स्टेन्शन दिसू द्या

विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबवर याच नावाची चौकट आहे, तिच्यात खूण करा.

आता फाइलींच्या नावांवरून एकदा नजर फिरवा. ‘पत्रिका अंतिम डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी दोन शेपट्यांची फाइल दिसली तर ती उघडू नका. ती पीडीएफ नाही, तो प्रोग्राम आहे. एक्स्टेन्शन लपवलेलं असताना ती निर्धास्त ‘पत्रिका अंतिम डॉट पीडीएफ’ म्हणून समोर बसलेली असते. एवढ्यासाठी तरी ही खूण कायम चालू ठेवावी.

इथली नेहमीची चूक म्हणजे प्रकार ‘बदलण्यासाठी’ फाइलचं एक्स्टेन्शनच खोडून दुसरं लिहिणं. आयफोनवरून आलेल्या एचईआयसी फोटोच्या नावात जेपीजी लिहिलं म्हणून तो जेपीजी होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली तरी आतली साखर साखरच. विंडोज ‘फाइल वापरता येणार नाही’ असा इशारा देतं तेव्हा ‘नो’ दाबायचं. नाव बदलताना एफ-२ दाबलं की ठिपक्याच्या आधीचाच भाग निवडला जातो, तेवढाच बदला.

शॉर्टकटचं एलएनके हे एक्स्टेन्शन मात्र ही खूण असूनही दिसत नाही. ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

पायरी २: ताबा पक्का करा

लेबल एक्स्टेन्शनला चिकटत नाही, ते ताबेदार प्रोग्रामच्या नोंदीला चिकटतं. त्यामुळे ताबा आधी ठरला नाही, तर लेबल लिहून महिन्याभराने कोणीतरी ‘ओपन विथ, ऑल्वेज’ दाबतं आणि लेबल गायब.

सेटिंग्ज उघडा, ‘ॲप्स’, मग ‘डीफॉल्ट ॲप्स’. विंडोज ११ मध्ये वरच्या चौकटीत ठिपक्यासह एक्स्टेन्शन टाइप करा. सध्याचा प्रोग्राम खाली दिसेल, त्यावर क्लिक करून हवा तो निवडा. विंडोज १० मध्ये पानाच्या तळाशी ‘चूज डीफॉल्ट ॲप्स बाय फाइल टाइप’ ही ओळ आहे, तिथे एक्स्टेन्शनांची लांबलचक यादी मिळते.

तपासा: फोल्डरमध्ये परत या आणि एफ-५ दाबा. पीडीएफ एजकडून काढून ॲक्रोबॅट रीडरकडे दिली असेल तर ‘टाइप’मधलं नाव ‘अडोबी ॲक्रोबॅट डॉक्युमेंट’ झालेलं दिसेल. तसं झालं नसेल तर ताबा बदललेला नाही. पुढे जाऊ नका.

एक अडचण आताच सांगून ठेवलेली बरी. विंडोजच्या स्टोअरमधून आलेल्या ॲपच्या ताब्यात जो प्रकार असतो, उदाहरणार्थ ‘फोटोज’ ॲपकडे असलेल्या जेपीजी, त्याचं लेबल या रीतीने बदलायला जाऊ नये. तिथली ओळख यंत्राने तयार केलेलं लांबलचक चिन्हांकन असतं आणि त्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा प्रकाराला लेबल हवंच असेल तर तो साध्या डेस्कटॉप प्रोग्रामकडे द्या. नाहीतर तो प्रकार यादीतून काढा. छायाचित्रांसाठी आम्ही दुसरा पर्याय सुचवू. जेपीजी सगळ्यांनाच कळते, तिला मराठी नाव देऊन फारसं काही हाती लागत नाही.

पायरी ३: प्रॉगआयडी शोधा

ताबेदार प्रोग्राम आपल्या प्रत्येक प्रकाराला एक अंतर्गत नाव देतो, त्याला प्रॉगआयडी म्हणतात. लेबल त्याच्या खाली लिहायचं असतं, म्हणून ते अचूक हवं.

विंडोज आणि आर एकत्र दाबा, ‘रेजएडिट’ टाइप करून एंटर करा. डाव्या बाजूच्या झाडात या क्रमाने उतरा:

एचकी करंट युजर › सॉफ्टवेअर › मायक्रोसॉफ्ट › विंडोज › करंट व्हर्जन › एक्स्प्लोरर › फाइल एक्स्ट्स › ठिपक्यासह एक्स्टेन्शन › युजर चॉइस

उजवीकडे ‘प्रॉगआयडी’ या नावासमोर जे लिहिलेलं असेल ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. चार तऱ्हा दिसतात:

- ‘एक्सेल डॉट सीएसव्ही’ किंवा ‘वर्ड डॉट डॉक्युमेंट डॉट १२’सारखं स्वच्छ नाव. सगळ्यांत सोयीचं. सरळ चौथ्या पायरीवर जा.
- एक्स्टेन्शनच्या पुढे ‘अंडरस्कोर ऑटो अंडरस्कोर फाइल’. अनोळखी प्रकारासाठी तुम्ही कधीतरी स्वतः प्रोग्राम शोधून दिला होता, तेव्हा विंडोजने बनवलेली ही नोंद. तिला लेबल नसतं, म्हणूनच ‘टाइप’मध्ये नुसतं ‘सीडीआर फाइल’सारखं दिसतं. इथे लेबल छान बसतं.
- ‘ॲप्लिकेशन्स’, तिरपी रेघ आणि प्रोग्रामचं नाव. इथे लेबल लिहू नका. ही नोंद त्या प्रोग्रामने उघडणाऱ्या अनेक एक्स्टेन्शनांची सामाईक असते.
- ‘ॲपएक्स’ने सुरू होणारं लांब चिन्हांकन. स्टोअरमधलं ॲप. दुसऱ्या पायरीत सांगितलं तसं सोडून द्या.

‘युजर चॉइस’ ही कीच (झाडातल्या फोल्डरसारख्या नोंदीला की म्हणतात) नसेल तर झाडात वर ‘एचकी क्लासेस रूट’मध्ये ठिपक्यासह एक्स्टेन्शन शोधा. त्यातल्या ‘डीफॉल्ट’समोरचं नाव हा प्रॉगआयडी.

सावधान: ‘युजर चॉइस’मध्ये फक्त वाचायचं. तिथे प्रॉगआयडीच्या जोडीला ‘हॅश’ नावाची तपासणीची नोंद असते. हाताने प्रॉगआयडी बदलला की हॅश जुळत नाही, विंडोज ती निवड मोडीत काढतं आणि फाइल स्वतःच्या पसंतीच्या प्रोग्रामकडे देतं. ताबा बदलायचा तो सेटिंग्जमधूनच.

पायरी ४: लेबल लिहा

लिहायची जागा ‘एचकी करंट युजर › सॉफ्टवेअर › क्लासेस’. अनेक जण ‘एचकी क्लासेस रूट’मध्ये लिहितात. ते दोन ठिकाणच्या नोंदींचं एकत्र चित्र आहे, एक सगळ्या संगणकाची आणि एक तुमच्या खात्याची. तिथे लिहिलं तर मजकूर बहुधा सगळ्या संगणकाच्या नोंदीत जातो आणि प्रोग्राम पुन्हा बसवला की पुसलाही जातो. तुमच्या खात्यातली नोंद मात्र दोहोंत वरचढ ठरते. प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही.

१. ‘क्लासेस’ निवडा. ‘फाइल’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ करा, तळाशी ‘सिलेक्टेड ब्रँच’ असल्याची खात्री करा आणि तारखेसह नाव देऊन जपून ठेवा.

२. ‘क्लासेस’खाली तुमचा प्रॉगआयडी आधीपासून आहे का पाहा. ‘ऑटो फाइल’वाली नोंद इथे बहुधा असतेच. नसेल तर ‘क्लासेस’वर राइट-क्लिक, ‘न्यू’, ‘की’, आणि उतरवलेला प्रॉगआयडी हुबेहूब टाइप करा. ठिपके जिथल्या तिथे. आधीपासून होती की तुम्ही बनवली, हे कागदावर नोंदवा. परत फिरताना याची गरज लागते.

३. ती की निवडून उजवीकडच्या ‘डीफॉल्ट’वर डबल-क्लिक करा आणि लेबल लिहा.

४. त्याच कीमध्ये ‘न्यू’, ‘स्ट्रिंग व्हॅल्यू’. नाव ‘फ्रेंडली टाइप नेम’, इंग्रजीत तीन शब्द सलग, मध्ये जागा न सोडता. त्यातही तेच लेबल लिहा.

चौथा मुद्दा गाळला जातो आणि मग ‘लिहिलं तरी बदललं नाही’ अशी बोंब होते. मूळ प्रोग्रामने ‘फ्रेंडली टाइप नेम’ नोंदवलेलं असेल तर विंडोज ते आधी वाचतं आणि ‘डीफॉल्ट’कडे ढुंकूनही बघत नाही. दोन्हीकडे तेच लिहिलं की वाद मिटतो.

ज्या प्रकाराला वालीच नाही अशांसाठी, म्हणजे कोरल नसलेल्या काउंटरच्या संगणकावरच्या सीडीआरसाठी, दोन की लागतात. ‘क्लासेस’खाली ठिपक्यासह ‘सीडीआर’ ही एक. तिच्या ‘डीफॉल्ट’मध्ये तुम्ही ठरवलेला नवा प्रॉगआयडी, उदाहरणार्थ इंग्रजीत ‘डीटीपी डॉट सीडीआर’. मग त्याच नावाची दुसरी की, आणि लेबल तिच्यात. प्रॉगआयडीत जागा सोडायची नाही, अंकाने सुरुवात करायची नाही आणि एकूण ३९ अक्षरांच्या आत ठेवायचं.

सर्वांत जास्त घडणारी चूक हीच: लोक ठिपक्याच्या कीमध्येच लेबल लिहून मोकळे होतात. विंडोज त्याला प्रॉगआयडी समजून त्या नावाची की शोधतं, ती सापडत नाही, आणि ‘टाइप’मध्ये पुन्हा ‘सीडीआर फाइल’.

लेबल कसं असावं

क्रम लेबलाच्या पहिल्या अक्षरावर ठरतो, हेच आपल्या कामी आणायचं. छापखान्याच्या फोल्डरसाठी हे चालेल:

- ०१ छपाई – पीडीएफ
- ०२ मूळ डिझाइन – सीडीआर
- ०३ पत्ते – सीएसव्ही
- ०४ मजकूर – वर्ड

अंक इंग्रजी कीबोर्डवरून टाइप करा आणि शून्यासकट दोन ठेवा. अंक अक्षरांच्या आधी लागतात, त्यामुळे ही नावं इतर सर्व इंग्रजी प्रकारांच्या वर येतात. अंक न घालता नुसतं ‘छपाई’ लिहिलं तर ते सगळ्या इंग्रजी नावांच्या खाली जाईल, कारण देवनागरीचा नंबर रोमन अक्षरांनंतर लागतो. मराठी लेबल दिलं आणि फाइली तळाशी गेल्या, ही तक्रार त्यातूनच येते.

शेवटी एक्स्टेन्शनचं नाव ठेवाच. फोनवरून ‘सीडीआर पाठव’ म्हणणाऱ्याला तुमचं ‘मूळ डिझाइन’ कळणार नाही. दोन एक्स्टेन्शनांना हुबेहूब एकच लेबल दिलं तर ती सलग लागतात. डॉक आणि डॉकएक्स एकत्र ठेवायची असतील तर हे सोयीचं, पण दोघांचे प्रॉगआयडी वेगळे असतात, म्हणून लेबल दोन्हीकडे लिहावं लागतं.

पायरी ५: एक्स्प्लोरर ताजा करा

एफ-५ने भागत नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ‘विंडोज एक्स्प्लोरर’ शोधा, राइट-क्लिक, ‘रीस्टार्ट’. क्षणभर टास्कबार नाहीसा होतो, घाबरू नका.

तपासा: लेबल दिसत नसेल तर या क्रमाने पाहा: प्रॉगआयडीचं स्पेलिंग, ‘फ्रेंडली टाइप नेम’ मध्ये जागा न सोडता लिहिलंय का, आणि ‘युजर चॉइस’मध्ये भलताच प्रॉगआयडी तर नाही ना.

पायरी ६: फोल्डरची मांडणी, आता

विंडोज प्रत्येक फोल्डरला पाचपैकी एक साचा लावतं: जनरल आयटम्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. एका फोल्डरची मांडणी ‘सगळ्यांना लावा’ म्हटलं तरी ती त्याच साच्याच्या फोल्डरांना लागते. आतल्या फोटोंमुळे एखादं फोल्डर पिक्चर्सच्या साच्यात गेलेलं असतं, म्हणून ते एकटंच ऐकत नाही.

१. कामांच्या मुख्य फोल्डरवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कस्टमाइझ’. ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’मध्ये ‘जनरल आयटम्स’, खाली उपफोल्डरांनाही लावण्याची खूण.

२. फोल्डर उघडा. दृश्य ‘डीटेल्स’. ‘ग्रुप बाय’ आधी ‘नन’ करा. ‘सॉर्ट बाय’ ‘टाइप’ (फक्त एक्स्टेन्शननुसार क्रम हवा असेल तर ‘फाइल एक्स्टेन्शन’), ‘असेंडिंग’.

३. रकान्यांची रुंदी आणि क्रम ठीक करा.

४. विंडोज ११ मध्ये वरचे तीन ठिपके, ‘ऑप्शन्स’. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबवरचं ‘ऑप्शन्स’. उघडलेल्या खिडकीत ‘व्ह्यू’, मग ‘अप्लाय टू फोल्डर्स’.

‘डाउनलोड्स’मध्ये सॉर्ट केलं तरी फाइली आज, काल, गेला आठवडा अशा तुकड्यांत राहतात. ते फोल्डर मुळातच तारखेने गट पाडून येतं. सॉर्ट फक्त गटाच्या आत चालतं. तिथेही ‘ग्रुप बाय’ ‘नन’ करावं लागतं.

उलट, गट आणि क्रम एकमेकांपासून स्वतंत्र आहेत याचा फायदाही घेता येतो. गट ‘टाइप’ने, क्रम ‘डेट मॉडिफाइड’ने उतरता. ‘पत्रिका अंतिम’, ‘पत्रिका अंतिम २’ आणि ‘पत्रिका खरंच अंतिम’ या तीन पीडीएफांत शेवटची कुठली, ते नाव न वाचता कळतं.

प्रोग्रामच्या आतून उघडणाऱ्या ‘ओपन’ आणि ‘सेव्ह’च्या खिडक्या आपली मांडणी वेगळी लक्षात ठेवतात. त्या तिथेच एकदा लावून घ्या.

पायरी ७: दुसऱ्या संगणकावर नेणं आणि परत फिरणं

‘क्लासेस’खालची एकेक प्रॉगआयडीची की वेगळी एक्स्पोर्ट करा. सगळ्या ‘क्लासेस’ची एकच फाइल दुसऱ्या संगणकावर ओतू नका, तिच्यात त्या संगणकाशी संबंध नसलेलं बरंच काही असतं. दुसरीकडे त्या फाइलवर डबल-क्लिक केलं की लेबल दाखल होतं. तिथे ताबा मात्र दुसऱ्या पायरीप्रमाणे हातानेच द्यायचा, तो फाइलीसोबत जात नाही. लेबल फक्त त्या खात्याला लागतं. एका संगणकावर दोघांची दोन खाती असतील तर दोन्हीकडे करा.

सावधान: एक्स्पोर्ट केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त केली, तर ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-१६ एलई’च ठेवा. ‘एएनएसआय’ निवडलं गेलं तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ‘टाइप’च्या रकान्यात तीच दिसतात.

काढून टाकायचं असेल तर कागद पुढ्यात घ्या. तुम्ही नव्याने बनवलेली की पूर्ण डिलीट करा, खालची मूळ नोंद आपोआप वर येईल. आधीपासून असलेल्या कीमधून मात्र फक्त ‘फ्रेंडली टाइप नेम’ काढा आणि ‘डीफॉल्ट’ पूर्वीसारखं करा. ‘ऑटो फाइल’वाली की अख्खी उडवली तर फाइल कुठल्या प्रोग्रामने उघडायची हेही तिच्यासोबत जातं, आणि डबल-क्लिक केल्यावर विंडोज पुन्हा ‘कशाने उघडू?’ असं विचारत बसतं.